हृदय प्रत्यारोपणानंतर पेसमेकर का लागतो? त्याचा पुढच्या आयुष्यावर काय परिणाम होतो?

प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया पार पडते, रुग्ण आयसीयूत डोळे उघडतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग आठ-पंधरा दिवसांनी डॉक्टर सांगतात की ठोके अजून कमी पडताहेत, पेसमेकर बसवण्याचा विचार करावा लागेल. नातेवाइकांच्या मनात त्या वेळी एकच प्रश्न असतो: म्हणजे नवीन हृदयही बिघडलेलंच मिळालं का?

बहुतेक वेळा याचं उत्तर ‘नाही’ असं असतं. पण बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ठोके मंद असणं ही एक गोष्ट आहे. सगळं सुरळीत चालू असताना सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी किंवा सात वर्षांनी ते मंद होणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे. दोन्ही वेळा बसवलं जाणारं यंत्र एकच असलं तरी त्यामागचं कारण आणि त्यातून निघणारा अर्थ वेगळा असतो.

मी जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे, पेसमेकर मी बसवत नाही. पण प्रत्यारोपण झालेला माणूस घरी परतल्यावर सर्दी-खोकला, जुलाब, चक्कर यांसाठी आधी जवळच्या दवाखान्यातच जातो. त्यामुळे रुग्णाला, घरच्यांना आणि त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना ज्या गोष्टी माहीत असायला हव्यात, त्यांवर या लेखात जास्त भर दिला आहे.

ठोका कुठे सुरू होतो?

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोक्याचा विद्युत संदेश तिथे तयार होतो. तो वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये असलेल्या एव्ही नोडपर्यंत येतो आणि तिथून खालच्या कप्प्यांत पसरतो. सायनस नोड सुस्तावला की ठोके मंद पडतात. एव्ही नोडपाशी संदेश अडला तर त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. प्रत्यारोपणानंतर लवकर बसवल्या जाणाऱ्या पेसमेकरमागे बहुतेकदा पहिलं कारण असतं, दुसरं कमी वेळा.

दात्याचं हृदय शरीराबाहेर असताना ते थंड द्रावणात ठेवलेलं असतं आणि त्याला रक्तपुरवठा नसतो. हा काळ साधारण चार तासांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. ग्रीन कॉरिडॉरची धावपळ त्यासाठीच असते. हृदयाचा स्नायू हा ताण सहसा सोसतो, पण सायनस नोड नाजूक असल्याने त्याला सावरायला वेळ लागतो. दात्याचं वय जास्त असेल तर पेसमेकर लागण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण अमिओडॅरोन हे औषध घेत असेल तर तेही एक कारण असू शकतं. हे औषध शरीरातल्या चरबीत साठतं आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे परिणाम करत राहतं. हृदय नवीन असलं तरी बाकीचं शरीर जुनंच असतं.

हृदय कसं जोडलं, यावरही बरंच अवलंबून

स्टॅनफर्डमधले लोअर आणि शमवे यांनी १९६० मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून एक पद्धत मांडली. रुग्णाच्या दोन्ही वरच्या कप्प्यांचा मागचा भाग तसाच ठेवायचा आणि नवीन हृदयाचे वरचे कप्पे त्याला शिवायचे. हिला बायएट्रियल पद्धत म्हणतात. १९६७ च्या डिसेंबरमध्ये केपटाऊनला ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी माणसातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षं जगभर मुख्यतः हीच पद्धत चालली. (भारतातला पहिला प्रयत्न मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ मध्येच केला होता. यशासाठी मात्र १९९४ उजाडावं लागलं, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून.)

या पद्धतीत उजव्या वरच्या कप्प्यावर घेतलेला छेद आणि टाके सायनस नोडच्या आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या जवळून जातात. कप्प्याचा आकारही बदलतो. १९९० च्या दशकात बायकेव्हल पद्धत आली. तिच्यात नवीन हृदयाचा उजवा वरचा कप्पा अखंड ठेवतात आणि शरीरातून अशुद्ध रक्त आणणाऱ्या दोन मोठ्या शिरांना जोडतात. सायनस नोडच्या आसपास कात्री फारशी जात नाही, त्यामुळे पेसमेकर लागण्याचं प्रमाण बरंच कमी झालं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींत, जुन्या आणि नव्या पद्धती एकत्र धरून, साधारण दहातल्या एका रुग्णाला पेसमेकर लागल्याचं दिसतं. नुसत्या बायकेव्हल पद्धतीत हा आकडा शंभरात दोन ते पाचच्या आसपास येतो. आज बहुतेक केंद्रांत हीच पद्धत वापरतात. तुमची शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने झाली ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं आहे ना, हे पाहून ठेवा. बायएट्रियल पद्धतीत जुन्या कप्प्याचा राहिलेला भाग स्वतःच्या तालात चालत राहतो आणि ईसीजीवर दोन-दोन पी लहरी दिसू शकतात. ज्याला ही माहिती नाही तो डॉक्टर असा ईसीजी पाहून विनाकारण घाबरतो आणि तुम्हालाही घाबरवतो.

या हृदयाची नाडी वेगळी असते

हृदय काढताना त्याला जोडलेले मज्जातंतू कापले जातात आणि ते शिवून जोडता येत नाहीत. आपल्या हृदयाला व्हेगस नावाची नस सतत थोडा ब्रेक लावत असते. नवीन हृदयाला तो ब्रेक नसतो, म्हणून शांत बसलेल्या रुग्णाचीही नाडी मिनिटाला ९० ते ११० असते. ही वाढलेली नाडी या हृदयासाठी सामान्य आहे.

एरवी कोणाची नाडी ६० आली तर मी म्हणेन, छान. प्रत्यारोपणानंतरच्या सुरुवातीच्या काळात ६० आली तर रुग्णालयाला फोन करावा लागतो. घरातलं बीपीचं यंत्र किंवा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नाडीचा आकडा दाखवतोच. रोज एका ठरलेल्या वेळी तो वहीत लिहून ठेवा. तुमचा नेहमीचा आकडा कोणता हे माहीत असेल तरच तो बदलल्याचं कळेल.

मज्जातंतू नसल्याने चालायला लागल्यावर ठोके लगेच वाढत नाहीत. रक्तातली अ‍ॅड्रेनालिनसारखी द्रव्यं वाढली की मग ते हळूहळू वाढतात आणि थांबल्यावर हळूहळू उतरतात. त्यामुळे व्यायामाआधी पाच-दहा मिनिटं सावकाश चालणं आणि नंतरही तेवढाच वेळ वेग उतरवत आणणं गरजेचं असतं. काहींचे ठोके सहा महिन्यांनंतरही श्रमाला साथ देत नाहीत, दोन जिने चढताना पाय जड होतात, दम लागतो. अशा निवडक रुग्णांमध्येही पेसमेकरचा विचार करतात.

तातडीच्या वेळी उपयोगी पडेल अशी एक गोष्ट घरच्यांनी पाठ करून ठेवावी. ठोके मंद झाले की कोणत्याही कॅज्युअल्टीत आधी अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात. प्रत्यारोपित हृदयावर ते सहसा चालत नाही, कारण ते ज्या नसेवर काम करतं ती नसच कापलेली असते. उलट अ‍ॅडेनोसिन हे जलद ठोक्यांसाठी दिलं जाणारं इंजेक्शन या हृदयावर प्रमाणाबाहेर परिणाम करू शकतं. म्हणून दारातच सांगा, ‘हृदय प्रत्यारोपण झालेलं आहे.’ ‘हृदयाचं ऑपरेशन झालंय’ एवढंच सांगितलं तर समोरचा बायपास समजतो.

पेसमेकर लगेच का बसवत नाहीत?

शस्त्रक्रियेच्या वेळीच हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक तारा लावून त्यांची टोकं पोटाच्या वरच्या भागातून बाहेर काढलेली असतात. त्या बाहेरच्या तात्पुरत्या पेसमेकरला जोडतात आणि ठोके ९० च्या वर ठेवतात. सोबत ठोके वाढवणारी औषधं देतात. थिओफायलिनसारखं दम्याचं जुनं औषध इथे वापरलेलं पाहून नातेवाईक गोंधळतात, पण ते ठोक्यांसाठीच असतं.

बऱ्याच रुग्णांचा सायनस नोड दोन-चार आठवड्यांत जागा होतो. म्हणूनच युरोपीय हृदयतज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सायनस नोड मंद असेल तर कायमचा पेसमेकर बसवण्याआधी सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहण्याचा विचार करावा. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण हार्ट ब्लॉक झाला असेल तर इतकं थांबत नाहीत. तिथे किमान पाच दिवस पाहून निर्णय घेतात.

प्रत्यक्षात सहा आठवडे पूर्ण होतातच असं नाही. त्वचेतून बाहेर आलेली तार म्हणजे जंतूंना आत जायला वाट, आणि या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. रुग्णाला खाटेवरून उठवून चालवायचंही असतं. त्यामुळे काही ठिकाणी दोन-तीन आठवड्यांत निर्णय घेतात. एका केंद्राने थांबायला सांगितलं आणि दुसऱ्याने लवकर बसवला, म्हणून कोणाचं तरी चुकलं असं समजू नका.

आधीच्या आजारात आयसीडी किंवा सीआरटीचं यंत्र बसवलेलं होतं, ते प्रत्यारोपणाच्या वेळी काढलं, आणि आता परत यंत्र? हा प्रश्न हमखास येतो. ते यंत्र जुन्या, कमकुवत हृदयासाठी होतं. त्याचा आताच्या गरजेशी संबंध नाही. मात्र जुन्या तारेचा एखादा तुकडा शिरेत राहून गेला आहे का, हे विचारून नोंदवून घ्या. पुढे एमआरआय करताना ते लागेल.

पेसमेकर बसवताना

भूल सहसा फक्त त्या जागेपुरती दिली जाते आणि प्रक्रिया तास-दीड तासाची असते. कॉलरच्या हाडाखाली लहान छेद घेऊन शिरेतून तार हृदयात नेतात आणि यंत्र त्वचेखालच्या खिशात ठेवतात. या रुग्णांमध्ये शक्यतो डावी बाजू निवडतात, कारण बायोप्सीसाठी मानेची उजवी शीर मोकळी हवी असते.

एव्ही नोड चांगला असेल तर फक्त वरच्या कप्प्यातून ठोका देणं पुरतं, खालच्या कप्प्यात गरज नसताना ठोके देणं टाळतात. तरीही बऱ्याचदा सावधगिरी म्हणून दोन तारांचा पेसमेकर बसवतात. हालचालीनुसार वेग वाढवणारं सेन्सर असलेलं यंत्र इथे खरंच उपयोगी ठरतं, कारण या हृदयाला स्वतःहून वेग घेणं जड जातं. तारेशिवायचा, मांडीच्या शिरेतून थेट हृदयात बसवायचा छोटा पेसमेकरही आता मिळतो. त्याला त्वचेखालचा खिसा नसल्याने जंतुसंसर्गाची भीती कमी, पण तो महाग आहे आणि प्रत्येकाला योग्य नसतो.

पहिल्या वर्षात हृदयाच्या बायोप्सी बऱ्याच वेळा होतात. चिमट्यासारखं उपकरण शिरेतून ट्रायकस्पिड झडपेतून आत नेऊन स्नायूचे बारीक तुकडे घेतात. खालच्या कप्प्यातली तारही त्याच झडपेतून गेलेली असते. नवी तार अजून घट्ट धरलेली नसताना धक्का लागला तर ती सरकू शकते, आणि वारंवारच्या बायोप्सीने आधीच गळणाऱ्या झडपेला तारेचा आणखी त्रास होऊ शकतो. बायोप्सी करणाऱ्या टीमला पेसमेकर केव्हा बसवला ते माहीत असतंच, तरीही स्वतःहून सांगा. बायोप्सीनंतर यंत्राची तपासणी झाली का, हेही विचारा.

पेसमेकरमुळे आयुष्य कमी होतं का?

सुरुवातीच्या काळात बसवलेल्या पेसमेकरमुळे आयुष्य कमी झाल्याचं मोठ्या नोंदींत दिसत नाही. काही आकडेवारीत तर पेसमेकर असलेले रुग्ण जास्त जगलेले दिसतात. त्यावरून यंत्राने आयुष्य वाढवलं असा अर्थ मात्र काढू नये. जो जास्त वर्षं जगतो त्याला पेसमेकर लागण्याची संधीही जास्त मिळते, हा आकड्यांचा खेळ त्यात आहे. जागतिक नोंदींनुसार प्रत्यारोपण झालेल्या प्रौढांपैकी १०० मधले साधारण ८५ ते ९० जण पहिलं वर्ष पार करतात आणि सुमारे निम्मे बारा वर्षांच्या पुढे जातात. हा काळ ठरतो तो मुख्यतः रिजेक्शन, जंतुसंसर्ग, कॅन्सर, मूत्रपिंडं आणि नवीन हृदयाच्या धमन्यांची स्थिती यांवर. लवकर बसलेला पेसमेकर या यादीत येत नाही.

पेसमेकरच्या तपासणीत ‘पेसिंग टक्के’ असा आकडा मिळतो. एकूण ठोक्यांपैकी किती ठोके यंत्राने दिले, ते यातून कळतं. वरच्या आणि खालच्या कप्प्याचा आकडा वेगळा असतो. बऱ्याच रुग्णांत हा आकडा पहिल्या तपासणीत मोठा आणि सहा महिन्यांनी अगदी छोटा दिसतो, म्हणजे स्वतःचा सायनस नोड कामाला लागला. प्रत्येक तपासणीचा हा आकडा वहीत लिहा. तो कमी झालेला असताना पुन्हा वाढायला लागला, तर प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना ते मुद्दाम दाखवा.

उशिरा ठोके मंद झाले तर

एखाद्या रुग्णाचं वर्ष-दोन वर्षं सगळं ठीक चालू आहे आणि अचानक नाडी ५० वर आली, चक्कर आली, किंवा तो बेशुद्ध पडला, तर फक्त पेसमेकर बसवून घरी पाठवणं पुरेसं नाही. यामागे रिजेक्शन असू शकतं. नवीन हृदयाच्या धमन्या आतून हळूहळू अरुंद होण्याचा आजारही असू शकतो. मज्जातंतू कापलेले असल्याने या रुग्णांना धमनी बंद झाली तरी छातीत दुखेलच असं नाही. अकारण थकवा, दम, पायांवर सूज किंवा बेशुद्धी हीच पहिली खूण ठरू शकते. म्हणून अशा वेळी इको, बायोप्सी, गरजेप्रमाणे अँजिओग्राफी हे सगळं करावं लागतं. उशिरा पेसमेकर लागलेल्यांची काळजी जास्त घ्यावी लागते ती यंत्रामुळे नाही, त्यामागे असलेल्या आजारामुळे.

त्याआधी दोन साध्या गोष्टी तपासायला हव्यात, आणि त्या गावातही तपासता येतात. पहिली औषधं. डिल्टियाझेम आणि मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर ठोके कमी करतात. दुसरी रक्तातलं पोटॅशियम. टॅक्रोलिमसमुळे मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटॅशियम वाढू शकतं, संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या कोट्रायमोक्साझोलनेही ते वाढतं. पोटॅशियम फार वाढलं की ठोके धोकादायक मंद होतात. अशक्तपणा आला म्हणून रोज शहाळ्याचं पाणी पाजणाऱ्या घरच्यांना मी हे आवर्जून सांगतो: आधी पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहू, मग शहाळं.

पेसमेकर बसवलेला असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. यंत्र ठोके ठरलेल्या आकड्याखाली जाऊ देत नाही, त्यामुळे मंद नाडी ही धोक्याची खूण झाकली जाते. नाडी ७० आहे म्हणून हृदय ठीक आहे असं मानता येत नाही. वजन दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढणं, आडवं झाल्यावर दम लागणं, सूज, बारीक ताप, एरवी जमणारं अंतर चालता न येणं, यांकडे जास्त लक्ष द्या. रिजेक्शनवर पेसमेकर काहीच उपचार करत नाही. त्यावर औषधंच लागतात.

यंत्राचा सर्वांत कमी वेग किती ठेवला आहे, तो आकडा विचारून पेसमेकर कार्डाच्या मागे लिहा. रात्री झोपेत काही यंत्रं तो थोडा खाली आणतात, आणि मध्ये चुकार ठोके आले तर ऑक्सिमीटर कमी आकडा दाखवतो. पण दिवसा दोन-तीन वेळा मोजूनही नाडी त्या आकड्याखालीच येत असेल, तर यंत्राची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

घरी काय सांभाळायचं

जखमेकडे इतर पेसमेकरच्या रुग्णांपेक्षा जास्त लक्ष हवं. प्रेडनिसोलोनमुळे जखम उशिरा भरते, आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असल्याने पू झाला तरी ताप येईलच असं नाही. हळद, तेल, कसलाही लेप लावू नका. जागा लाल झाली, गरम लागली, फुगली, त्वचा ताणून चकचकीत दिसू लागली, तर ज्या रुग्णालयाने यंत्र बसवलं तिथेच जा. गावात सुई टोचून पाणी काढून घेऊ नका, त्याने बाहेरचे जंतू आत जातात. मनाने अँटिबायोटिकही नको. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिनसारखी औषधं टॅक्रोलिमसची पातळी खूप वाढवतात आणि रिफॅम्पिसिन ती खाली आणतं, म्हणजे एकीकडे मूत्रपिंड धोक्यात आणि दुसरीकडे हृदय.

त्या बाजूचा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. पण हात गळ्यात अडकवून अजिबात न हलवणंही चूक, त्याने खांदा आखडतो. मोबाइल दुसऱ्या कानाला लावा आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नका. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब राहा. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह चालतात. वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी कामावर जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. विमानतळावर कार्ड दाखवा.

खर्चाबाबत रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा कोणता उपचार बसतो आणि ते रुग्णालय यादीत आहे का, हे ते सांगतात. हे यंत्र बसवण्याआधी विचारायचं, बिल हातात आल्यावर नाही.

बॅटरी सहसा आठ ते बारा वर्षं चालते. पेसिंग टक्के कमी असतील तर जास्तही चालते. ती संपत आली की खिसा उघडून यंत्र बदलतात, तारा चांगल्या असतील तर त्याच ठेवतात. प्रत्यारोपणाच्या काही रुग्णांत मात्र तोवर पेसमेकरची गरजच उरलेली नसते. अशा वेळी नवीन यंत्र बसवायचं की नाही, हे हृदयतज्ज्ञ आधीच्या सगळ्या तपासण्यांचे पेसिंग टक्के पाहून ठरवतात, म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका.